वजनकाटा बाजूला, मेजरटेप हातात: रिकॉम्पच्या नोंदी, जून ते नोव्हेंबर २०२५

९ जून, सोमवार

शिलाईच्या ऑर्डरच्या वहीत शेवटची पानं कोरी होती, तिथूनच सुरुवात करतेय. प्रकल्प काय तर बॉडी रिकॉम्पोझिशन, जिममध्ये सगळे नुसतं रिकॉम्प म्हणतात. अंगावरची चरबी उतरवायची आणि त्याच काळात स्नायू वाढवायचे, आधी बारीक होऊ मग बघू असं नाही, दोन्ही एकदम.

आजचे आकडे: वय ४४, उंची १५७ सेंमी, वजन ६६.४. कंबर बेंबीपाशी ३६.५ इंच, सीट (नितंब) ४१.५, दंड १२.२५, मांडी २३. एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ६.१ आलंय, म्हणजे शुगर अजून झाली नाही पण दारात उभी आहे (५.७ च्या खाली नॉर्मल, ६.५ पासून डायबेटिस). बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २६.९. आपल्या लोकांसाठी २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठ धरतात, बायकांची कंबर ८० सेंमी म्हणजे साडेएकतीस इंचाच्या आत पाहिजे. मला तिथपर्यंत पाच इंच उतरायचंय.

माप मी स्वतः घेणार नाही, दुकानातली मदतनीस घेणार. रविवारी सकाळी, उपाशीपोटी, टेप जमिनीला समांतर, श्वास सोडल्यावर. एवढी वर्षं ब्लाऊज शिवतेय, मला पक्कं ठाऊक आहे की टेप लावला रे लावला की बाईचं पोट आपोआप आत जातं, आणि मग ब्लाऊज घट्ट झाला म्हणून तीच बाई आठवड्यानं भांडायला येते. म्हणून तिला सांगून ठेवलंय, मला बोलण्यात गुंतव आणि मग माप घे.

११ जून

जिम लावली. साताऱ्यात पोवई नाक्याच्या बाजूला आहे, दुपारी लेडीज बॅच असते, तेव्हा दुकानात पण शुकशुकाट असतो. ट्रेनर पोरगा पंचविशीचा असेल, पहिल्याच दिवशी "काकू, तुम्ही ट्रेडमिल करा अर्धा तास" म्हणाला. म्हटलं दादा, ट्रेडमिल नको, वेट्स शिकव, अजिंक्यतारा किल्ला फुकट आहे चालायला. हसला, पण शिकवायला लागला. "काकू" म्हणणं मात्र काही सोडत नाहीये.

आठवड्यातून तीनदा, दर वेळी पूर्ण अंगाचं. डंबेल छातीशी धरून स्क्वॉट ८ किलो, रोमेनियन डेडलिफ्ट (कमरेत वाकून वजन उचलणं) दोन्ही हातात ७.५, डंबेल प्रेस (वजन वर ढकलणं) ५-५, लॅट पुलडाऊन (वरचा दांडा खाली ओढणं) १५, रो (वजन पोटाकडे ओढणं) ७.५, शेवटी प्लँक. प्रत्येकी तीन सेट, एका सेटमध्ये ८ ते १२ रेप्स, म्हणजे तेवढ्या वेळा. आणखी दोन निघतील असं वाटतं तिथं थांबायचं, पार मरेपर्यंत नाही. तिन्ही सेटला १२ झाले की पुढच्या वेळी वजन वाढवायचं. एवढंच शास्त्र आहे, बाकी जिममधल्या भिंतीवरचे पोस्टर.

१५ जून, रविवार

पाय एवढे दुखतायत की मशीनच्या स्टुलावर बसताना तोंडातून "आई गं" निघतं. लेक पुण्याला फिजिओथेरपीला आहे, ती फोनवर म्हणाली, "आई, दुखणं म्हणजे व्यायाम चांगला झाला असं काही नसतं हं, दोन आठवड्यात कमी होईल, तू फक्त प्रोटीन मोज."

मोजलं. किचनचा काटा आणला, दिवसभर जे खाल्लं ते लिहिलं. सकाळी पोहे, दुपारी तीन चपात्या, भाजी, एक वाटी वरण, भात, संध्याकाळी चहा-चिवडा, रात्री दोन भाकऱ्या आणि मटकीची उसळ. पोट तुडुंब आणि प्रोटीन कसंबसं ४५ ग्रॅम. चिवड्यात तर शेंगदाणे सोडले तर काहीच नाही.

किती पाहिजे? आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या हिशोबानं साध्या माणसाला अंगाच्या वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम. पण ते तब्येत राखण्यापुरतं, वजन उचलून स्नायू वाढवायचे असतील तर लेकीनं २०१८ चा एक मोठा आढावा पाठवला, ४९ अभ्यास एकत्र करून केलेला, त्यात किलोमागे साधारण १.६ ग्रॅमपर्यंत फायदा दिसतो, त्याच्यापुढे खाल्लं तरी स्नायूत फार भर पडत नाही. म्हणजे मला १०५ च्या आसपास. आत्ताच्या दुपटीपेक्षा जास्त. आणि कॅलरी मात्र कमी करायच्या. इथेच सगळ्यांची गाडी अडते, कारण आपल्या ताटात प्रोटीन वाढवायचं म्हटलं की पहिल्यांदा शेंगदाण्याची चटणी आठवते, आणि शंभर ग्रॅम दाण्यात प्रोटीन २५ ग्रॅम असलं तरी कॅलरी साडेपाचशेच्या वर जातात.

२२ जून

ताट बसलं एकदाचं. सकाळी तीन अंडी, १९ ग्रॅम. दुपारच्या भाजीत ५० ग्रॅम कोरडे सोया चंक्स, २६ ग्रॅम (शंभराला ५२ असतात, एवढं स्वस्त प्रोटीन वाण्याकडे दुसरं नाही), दोन चपात्या ६, वाटीभर दही ५. जिमहून आल्यावर व्हे (दुधापासूनची प्रोटीन पावडर) एक स्कूप, २४. रात्री घट्ट डाळ किंवा उसळ मोठी वाटी १०, एक भाकरी ५, झोपताना कपभर दूध ६. शंभरी गाठते.

सोयाबद्दल एकच सांगते, गरम पाण्यात भिजवून नुसतं सोडू नका, दोन्ही तळव्यात धरून तीन-चारदा पिळायचं, फेस आणि तो कच्चट वास जाईपर्यंत, मग मिक्सरमधून एक फेरा मारून काळ्या मसाल्यात खिम्यासारखं करायचं. अहोंनी दोन घास खाल्ल्यावर विचारलं आज वार कोणता.

कॅलरी १६०० च्या आसपास ठेवतेय. माझा रोजचा खर्च १८५० धरला तर तूट अडीचशेची. महिन्याला साडेसात हजार, आणि एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात, म्हणजे महिन्याला किलोभर चरबी. संथ वाटतं ना? मुद्दाम संथ आहे. तूट मोठी केली की शरीर नवीन स्नायू बांधायला कां कू करतं, व्यायामात पण जीव राहत नाही. सगळ्यात मोठी बचत कुठं झाली तर तेलात. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी, आणि आमच्या घरी फोडणीला चमचा नव्हता, पळी होती.

२९ जून

वजन ६६.१. कंबर ३६. स्क्वॉट १० किलो.

६ जुलै, आषाढी एकादशी

उपवास. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, शंभर ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी आणि प्रोटीन नावाला पण नाही. खिचडी चार घास खाल्ली कारण सासूबाईंनी केली होती आणि ती सोडायची म्हणजे पाप. बाकी राजगिऱ्याचं थालीपीठ आणि दही. राजगिऱ्यात शंभराला तेरा-चौदा ग्रॅम प्रोटीन असतं, उपवासाच्या सगळ्या पदार्थात तोच एक कामाचा.

पहाटे अजिंक्यताऱ्यावर गेलो होतो दोघं. धुकं एवढं की वाटेतल्या 'चार भिंती' स्मारकावरून खालचं गाव दिसलं नाही. दर रविवारचा हा चढ मी कार्डिओ म्हणून धरलाय. बाकी दिवस आठ हजार पावलं करायची असं ठरवलंय पण शिलाईकाम बसून असतं, त्यामुळे युक्ती केली, कात्रीकाम उभ्यानं टेबलावर आणि गिऱ्हाइकाचा फोन आला की दुकानासमोर फेऱ्या.

१३ जुलै

वजन ६६.५!! सुरुवातीपेक्षा शंभर ग्रॅम जास्त. कंबर मात्र साडेपस्तीस.

शेजारच्या वहिनी विचारत होत्या महिना झाला, किती किलो गेले. म्हटलं काहीच नाही. त्यांच्या चेहऱ्यावर जी दया आली ना. "मग अहो तुम्ही ते डंबेल सोडा, त्यानं वजन वाढतं, सकाळी गरम पाण्यात लिंबू-मध घ्या."

काटा का हलत नाही ते इथे लिहून ठेवते म्हणजे मलाच पुन्हा वाचता येईल. एक, पाळी दोन दिवसांवर आहे, त्या आठवड्यात माझं वजन एरवी पण किलोभर वर असतं, ते पाणी. दोन, व्यायामाला लागलं की स्नायू ग्लायकोजेन (साठवणीची साखर) साठवायला लागतात आणि एका ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बसतं. तीन, थोडाफार स्नायू पण आला असेल, नवशिक्यांना पहिल्या काही महिन्यात येतोच, रिकॉम्प सगळ्यात चांगलं जमतं ते याच लोकांना, नवे, अंगावर चरबी असलेले किंवा बरेच दिवस सोडून परत आलेले. जो आधीच तयारीचा पैलवान आहे त्याला दोन्ही एकदम जमणं फार अवघड. म्हणजे चरबी जातेय, तिच्या जागी पाणी आणि स्नायू येतायत, काट्याला काय ते कळत नाही, तो बेरीज सांगतो फक्त.

आणि हो, चरबीचा स्नायू "बनत" नाही. दोन वेगळ्या पेशी आहेत. एक रिकामी होते, दुसरी जाड होते.

१६ जुलै

लेकीनं एक फोटो पाठवला, तो मी दुकानात आरशाशेजारी लावणारे. २००४ साली लॅन्सेटमध्ये आला होता. दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे, पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. डेक्सा स्कॅन (अंगातली चरबी आणि स्नायू मोजणारं एक्स-रे स्कॅन) केलं तर युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. दोघंही दिसायला सडपातळ! याज्ञिकांच्या टीमनं पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या बाळांवर पण काम केलंय, तिथं असं दिसलं की आपली बाळं जन्मताना वजनाला कमी असतात पण चरबी त्या मानानं टिकून असते, कमी पडतो तो स्नायू.

हे वाचल्यावर माझ्या मापांच्या वह्या वेगळ्याच दिसायला लागल्या. किती तरी मुली येतात, दंड काडीसारखा, छाती ३२ आणि कंबर ३१. त्यांना कोणी लठ्ठ म्हणणार नाही, त्या स्वतः डाएट करत नाहीत, वजन ५० च्या आत. त्यांना किलो कमी करायचेच नाहीयेत, त्यांना स्नायू पाहिजेत. आणि त्याच मुली सगळ्यात जास्त डंबेलला घाबरतात, "काकू, मसल्स दिसतील."

बाई गं, मी जीव तोडून पाच आठवडे झटतेय, मला अजून एक दिसत नाही.

२५ जुलै, श्रावण सुरू

अंडी बंद. घरात श्रावण कडक असतो आणि मला पण पाळायचाय. म्हणजे सकाळचे १९ ग्रॅम गेले. त्याजागी ४० ग्रॅम मुगाची डाळ भिजवून धिरडं, त्यात ५० ग्रॅम पनीर किसून. १० आणि ९, बरोबर १९. कॅलरी शंभरेक वाढतात, त्यासाठी दुपारची एक चपाती कमी. धिरडं कडेला जाळीदार पाहिजे तर डाळ फार बारीक वाटू नका आणि तवा चांगला तापू द्या, पनीर वरून पसरून उलथण्यानं दाबायचं, नाहीतर उलटताना सगळं गॅसवर.

व्हेबद्दल घरात वाद झाला. अहो म्हणाले सरकारीच सल्ला आहे पावडरी घेऊ नका म्हणून. खरं आहे, आयसीएमआर-एनआयएनच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रोटीन सप्लिमेंट टाळा असंच म्हटलंय. माझं मत असं की अंडी, मासे, चिकन रोज चालणाऱ्या घरात पावडरीची गरज नाही. श्रावणातल्या शाकाहारी ताटात १६०० कॅलरीत शंभर ग्रॅम बसवायचे तर एक स्कूप सोपं पडतं. फॅमिली डॉक्टरांना विचारलं, त्यांनी आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासायला लावलं, नॉर्मल आलं, मग घ्या म्हणाले. किडनीचा काही त्रास असेल त्यांनी हे माझं वाचून करू नये.

३ ऑगस्ट

६५.९, कंबर ३५. स्क्वॉट १५ किलो, डेडलिफ्ट आता बारबेलवर (लांब दांड्यावर), २५. पुलडाऊन २०.

डंबेल प्रेस ५ वर अडकलाय. तिन्ही सेटला १२ होतात, पण जिममध्ये ५ नंतर थेट ७.५. पुरुषांचं ठीक आहे, २० वरून २२.५ ला गेले तर काय वाटतंय, मला ५ चे ७.५ म्हणजे दीडपट. ७.५ नं तीन रेप्स झाल्या आणि चौथ्याला हात लटपटला. ट्रेनर म्हणतो "काकू, अजून थोडे दिवस ५ वरच करा." किती दिवस?

५ ऑगस्ट

तोड काढली. जीन्सच्या आल्टरचे तुकडे पोत्यानं पडलेत दुकानात. त्याच्या छोट्या पिशव्या शिवल्या, आत वाळू, बाहेर वेल्क्रोचा पट्टा, डंबेलच्या दांड्याला गुंडाळून बसते. एक पिशवी किचनच्या काट्यावर बरोबर ५०० ग्रॅम. सुई १८ नंबर, दोरा जाड, दोन टिपा. पहिलीतून वाळू झिरपायला लागली, जिमच्या बाकावर रेघ उमटली, मग आत रेक्झिनचं अस्तर टाकलं आणि तोंडाशी टीप मारून वर काजाची झिगझॅग. आता ५, ५.५, ६, ६.५ असं चढता येतं. आज ५.५ नं दहा-दहा-नऊ.

लेडीज बॅचमधल्या दोघींनी जोडी मागितलीय. ट्रेनरनं पण उचलून बघितलं आणि गुपचूप फोटो काढला. शिलाई लावणार आहे मी, फुकट नाही.

२४ ऑगस्ट

६५.३, साडेचौतीस. श्रावण संपला, आज सकाळी अंडी. सोन्यासारखी लागली.

नव्या स्मार्ट काट्याची गंमत. भाच्यानं भेट दिला, चरबी किती टक्के ते दाखवतो. सकाळी उठल्यावर ३६.४ टक्के, पाणी पिऊन आंघोळ करून ओल्या पायानं उभी राहिले तर ३४.९. वीस मिनिटात दीड टक्का चरबी वितळली म्हणायची! तो पायातून बारीकसा करंट सोडतो आणि अंगातल्या पाण्यावरून अंदाज बांधतो, त्यामुळे पाणी हललं की आकडा हलतो. वापरायचाच असेल तर रोज त्याच वेळी, त्याच अवस्थेत, आणि महिन्याची सरासरी बघायची. एका दिवसाचा आकडा घेऊन आनंद पण नको आणि रडणं पण नको.

क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती पावडर) सुरू करायचं का असं लेक विचारतेय. रोज ३ ते ५ ग्रॅम, त्यावर अभ्यास भरपूर झालाय आणि ताकदीला उपयोग होतो. पण त्यानं स्नायूत पाणी भरतं, वजन वाढतं. आधीच गणपती आलेत, मोदक आणि क्रिएटिन एकाच आठवड्यात आलं तर काट्यावरचं कुणामुळे ते कळणार कसं. नंतर बघू. एका वेळी एकच बदल.

७ सप्टेंबर

काल विसर्जन. ६६.२, कंबर साडेचौतीसच. गणपतीत तूट ठेवली नाही, ठरवूनच. उकडीचे मोदक, गौरीच्या नैवेद्याला पुरणपोळी, आरतीनंतर रोज कोणाच्या ना कोणाच्या घरचे कंदी पेढे, आणि साताऱ्यात राहून पेढ्याला नाही म्हणायचं म्हणजे गाव सोडावं लागेल. दोन गोष्टी सांभाळल्या: सकाळची अंडी (गौरीचे दिवस सोडून) आणि जिमचे दिवस. किलोभर वाढलं ते मीठ, गोड आणि पाणी, टेप जागचा हलला नाही यावरून कळतंय.

या काळात सगळ्या व्यायामात वजन चढलं, खाणं भरपूर होतं ना. स्क्वॉट बारबेलवर २५. डेडलिफ्ट ३५.

१४ सप्टेंबर

एक गिऱ्हाईक आल्या, फक्त पोट कमी करायला कुठला व्यायाम असतो विचारत होत्या, घामाचा पट्टा पण घेतलाय त्यांनी. सांगितलं की पोटाचे व्यायाम केल्यानं पोटाचे स्नायू तयार होतात, वरची चरबी तिथूनच निघेल असं काही नाही, ती कुठून आधी जाणार ते शरीर ठरवतं. माझी आधी पाठीवरून गेली, ब्रेसियरच्या पट्टीवरची वळी होती ती. मग कमरेची. सीट सगळ्यात चिवट, साडेएक्केचाळीसवरून आत्ता कुठे साडेचाळीस. त्या म्हणाल्या बरं बरं, आणि पट्टा लावूनच माप द्यायला उभ्या राहिल्या. काढायला लावला.

२८ सप्टेंबर

६४.८, ३४. नवरात्रात ब्लाऊजची रांग लागलीय, जिमला तीनदाचं दोनदाच जमतंय. दोनदा केलं तरी सेट तेवढेच ठेवलेत, एकेक व्यायामाचे चार-पाच करून. आठवड्याचा हिशोब जुळला की पुरे.

१ ऑक्टोबर

उद्या दसरा, स्वतःसाठी जुना पैठणी ब्लाऊज काढला, दोन वर्षांपूर्वीचा, कटोरीचा. घातला तर कमरेला लोंबतोय आणि वर मुंढ्यात घट्ट. असा ब्लाऊज मी बघितलाच नव्हता. सुटलेल्या बायकांचा वरून खालपर्यंत घट्ट होतो, आजारपणातून उठलेल्यांचा वरून खालपर्यंत ढिला.

दोन्ही बाजूच्या शिवणी उसवल्या. एकाच शिवणीत वर काखेपाशी पाव इंच सोडला आणि खाली पट्टीपाशी पाऊण इंच आत घेतला, मध्ये तिरकी टीप. दोन्ही बाजू मिळून कमरेला तीन इंच निघाले. पाठीचं शोल्डर अर्धा इंच भरलंय, ते पुलडाऊन आणि रोचं काम. दंड मोजला तर तेवढाच, सव्वाबारा, जूनमध्ये होता तेवढा. पण तेव्हा टेप ओढला की मांसात रुतायचा, आता वरून फिरतो. बाहीला हातच लावला नाही.

मदतनीस म्हणाली, "ताई, हे तुम्ही फोटो काढून टाका ना कुठंतरी." म्हटलं आधी त्या आठ नऊवाऱ्या संपव.

१२ ऑक्टोबर

दिवाळीचं काम. रात्री एक-दीड वाजतोय, सकाळी सहाला उठणं. वजन तीन आठवडे हललं नाही, व्यायामात दम नाही, डेडलिफ्ट ४५ उचलत होते ते ४० ला जड जातंय. भूक पण भलतीच, संध्याकाळी शेव-चकली दिसली की हात जातो.

लेकीनं फटकारलं. शिकागोमधला २०१० चा एक अभ्यास आहे, दहाच माणसं होती पण नीट बांधलेला, तीच माणसं दोन आठवडे साडेआठ तास अंथरुणात आणि दोन आठवडे साडेपाच तास, खाणं तेवढंच कमी केलेलं. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं, तीन किलोच्या आसपास. फरक कशात, तर कमी झोपेत चरबी निम्म्याहून कमी गेली आणि बाकीचं स्नायूसारखं कामाचं मांस गेलं. म्हणजे काटा खूश आणि माझ्या प्रकल्पाची वाट.

निर्णय: १६ तारखेनंतर नवीन ऑर्डर नाही. नेहमीच्या दोन बायका रागावल्या, रागावू देत. तोपर्यंत तूट बंद, १८५० खायचं, जिममध्ये वजनं दहा टक्के कमी.

२६ ऑक्टोबर

दिवाळी झाली. ६४.६, साडेतेहतीस. चार रात्री सलग आठ तास झोपले आणि परवा डेडलिफ्ट ४५ आठ रेप्स गेली, मला वाटलं प्लेट चुकून कमी लावली, मोजून बघितली.

रिकॉम्पवर लोक कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठाचा २०१६ चा अभ्यास दाखवतात, चाळीस तरुण, चार आठवडे, खाणं गरजेपेक्षा ४० टक्के कमी, व्यायाम आठवड्यात सहा दिवस. ज्यांना किलोमागे २.४ ग्रॅम प्रोटीन दिलं त्यांची ४.८ किलो चरबी गेली आणि स्नायूचं वजन १.२ किलो वाढलं, ज्यांना १.२ ग्रॅम दिलं त्यांची चरबी साडेतीन किलो गेली, स्नायू जवळपास तेवढेच. वाचायला भारी आहे आणि प्रोटीनचं महत्त्व त्यातून पटतं. पण त्या पोरांना जेवण संशोधकांनी बांधून दिलं होतं, वय विशीचं, आणि त्यांच्या डोक्यावर दिवाळीच्या चाळीस ब्लाऊजची डिलिव्हरी नव्हती. चार आठवड्यात असं होतं म्हणून जिममधली पोरं उपाशी राहतात आणि पाचव्या आठवड्यात वडापावच्या गाड्यावर दिसतात. आमच्या वयाला महिन्याला किलोभराचा हिशोब बरा.

१६ नोव्हेंबर, रविवार

पाच महिन्यांचा हिशोब. वजन ६६.४ वरून ६३.९. कंबर ३६.५ वरून ३३. सीट ४०. दंड आणि मांडी जिथल्या तिथे. स्क्वॉट ३५ किलो, डेडलिफ्ट ५०, पुलडाऊन ३०, डंबेल प्रेस ८.५ (७.५ वर दोन पिशव्या). एचबीएवनसी ५.८, नॉर्मलला अजून दशांश एक-दोन बाकी. डॉक्टरांनी आकडा बघून गोळीचा विषय तूर्त बाजूला ठेवला, तीन महिन्यांनी परत बघू म्हणाले. जेवणानंतरच्या साखरेतला मोठा वाटा स्नायू ओढून घेतात, त्यामुळे हा आकडा मला कंबरेपेक्षा महत्त्वाचा.

अडीच किलोच उतरले म्हणून वहिनी अजून हळहळतात. हिशोबानं चरबी चारेक किलो गेली असावी आणि दीडेक किलो स्नायू-पाणी आलं असावं, पण डेक्सा केलं नाही त्यामुळे छातीठोक सांगत नाही.

पुढचं: डिसेंबरभर तूट नाही, १८०० वर राहायचं, ताकद वाढवायची. क्रिएटिन उद्यापासून, ३ ग्रॅम, पहिले काही आठवडे वजन चढलं तरी वहीत फक्त लिहायचं. जानेवारीपासून परत अडीचशेची तूट, फेब्रुवारीत रक्त. हिप थ्रस्ट शिकायचाय, बारच्या खाली ठेवायला स्पंजची गादी मीच शिवणार. वाळूच्या पिशव्यांची ऑर्डर सहा जोड्यांवर गेलीय, त्यात एक ट्रेनरची, आणि त्याच्याकडून मी काकू म्हणण्याचे वीस रुपये जास्त लावलेत.